मागे घर दिसते आहे
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी "यंदा तुम्ही काहीतरी बोला" असे सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले होते. हळदीकुंकवाचा जमाखर्च वाचून दाखवण्यापलीकडे मी या जागेवरून कधी काही बोललेले नाही. पण त्या म्हणाल्या, "तुमच्या बाहेरच्या खोलीत ती जुनी तसबीर आहे ना, येणारी प्रत्येक बाई विचारते की या कोण, तिच्याविषयीच सांगा." तेव्हा मला माघार घेता येईना. तसबीर भिंतीवरून काढून, पुसून, इथे आणली आहे. मागच्या रांगेतल्या भगिनींना ती दिसणार नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून तीत काय आहे ते आधी सांगते.

चार तरुण मुली एका रांगेत उभ्या आहेत. पायघोळ झगे. जवळ जीन घातलेले घोडे. मागे एक बुटके, जाड भिंतींचे घर आणि त्याच्या मागे काहीही नाही. झाड नाही, डोंगर नाही, नुसते गवत आणि आभाळ. आमच्या एक शेजारीणबाई बरेच दिवस समजत होत्या की या मिशनच्या शाळेतल्या मास्तरणी असाव्यात. तसे नाही. या चौघी सख्ख्या बहिणी आहेत. हॅरिएट, एलिझाबेथ, ल्युसी आणि रूथ अशी त्यांची नावे, आडनाव क्रिस्मन. छायाचित्र १८८६ सालचे, अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या कस्टर जिल्ह्यातले. माझ्या मुलीचे बिऱ्हाड काही वर्षे त्या राज्यात होते. तिच्याकडे गेले असता लिंकन शहरातल्या संग्रहालयात मी ते पाहिले. जावईबापू बाहेर गाडीपाशी ताटकळत होते आणि मी तिथून हलेना, म्हणून मुलीने त्याची एक प्रत घेऊन दिली.

मी न हलण्याचे पहिले कारण ते घर. ते मातीचे आहे.

माझे माहेर धाब्याच्या घरांच्या मुलखातले. मातीची भिंत, लाकडी सऱ्यांवर काटक्या, पाला आणि वर मातीचा थर. पावसाळ्याआधी गच्चीवर नवी माती घालून चोपायची आणि आभाळ भरून आले की घरातली सगळी भांडी गळतीखाली मांडायला काढायची, हे लहानपणी केलेले आहे. अमेरिका म्हटली की काचेच्या उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. तिथे अशा घरापुढे मुली उभ्या आहेत हे पाहून मला आपल्या गल्लीतले कोणीतरी परगावी भेटावे तसे झाले.

मात्र त्यांची रीत आपल्यापेक्षा वेगळी. त्या माळावर लाकूड नाही, बांधायला दगड नाही. आहे ते गवत, आणि त्याच्या मुळ्यांचे जाळे इतके दाट की नांगर टाकला तर जमीन भुसभुशीत होत नाही, चामड्याच्या पट्ट्यासारखी उलटते. मग एका खास नांगराने फूटभर रुंद आणि चारेक इंच जाड पट्टे काढायचे, त्यांचे दोन-तीन फुटांचे तुकडे पाडायचे आणि गवताची बाजू खाली करून विटांसारखे रचायचे. भिंत दोन-तीन फूट जाड. एका लहानशा घराला अर्धा ते एक एकर रानाची साल निघे. थट्टेने या मातीला 'नेब्रास्काचा संगमरवर' म्हणत. उन्हाळ्यात घर थंड, हिवाळ्यात उबदार, आणि माळावर वणवा आला तरी भिंती पेटत नाहीत, इतके गुण. अवगुण म्हणजे पाऊस थांबल्यावरही छप्पर दोन-दोन दिवस गळत राही. चुलीशी एकीने छत्री धरायची आणि दुसरीने पोळ्या भाजायच्या असे प्रसंग तिकडच्या बायकांनी लिहून ठेवले आहेत. आढ्याखाली कापड ताणून बांधीत. ते धूळ पडू नये म्हणून तर खरेच, पण उंदीर आणि साप पानात पडू नयेत म्हणूनही!

आणि सरपण? शेणाच्या गोवऱ्या. पहिल्यांदा रानगव्यांच्या, पुढे गाईगुरांच्या. याविषयी तिकडे एक गंमत सांगतात. पूर्वेच्या शहरातून नवी आलेली सून पहिल्या आठवड्यात गोवरी दोन काटक्यांनी उचलते, पुढच्या आठवड्यात फडक्याने, मग पदराच्या टोकाने, आणि वर्ष संपायच्या आत नुसत्या हाताने उचलून, हात न धुता पीठ मळायला घेते. आपल्याकडच्या कोणत्याही सासूला ही गोष्ट परदेशची वाटणार नाही.

आता इतक्या ओसाड जागी ही माणसे आली कशी? तर रेल्वेने आणली. आपल्याकडे १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत गाडी धावली तेव्हा दोन्ही टोकांना वस्ती होती. तिकडे पुष्कळ ठिकाणी उलटे झाले. आधी रूळ, मग स्टेशन, मग गाव. सरकारने रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंची जमीन, एक चौकोन कंपनीचा आणि एक सरकारचा, अशी बुद्धिबळाच्या पटासारखी वाटून दिली. बर्लिंग्टन नावाच्या कंपनीला एकट्या नेब्रास्कात सुमारे २४ लाख एकर मिळाली. मग ती विकायला गिऱ्हाईक हवे. १८७२ च्या सुमारास या कंपनीने मोठमोठ्या जाहिराती लावल्या: लाखो एकर जमीन, दहा वर्षांची उधारी, सहा टक्के व्याज! गावांना नावे देण्याचाही इतका कंटाळा की लिंकनच्या पश्चिमेला लागोपाठची स्टेशने इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने नेमली: क्रीट, डॉर्चेस्टर, एक्झेटर, फेअरमाँट, ग्रॅफ्टन, हार्वर्ड, आणि तसेच पुढे थेट लोवेलपर्यंत. शाळेच्या तपासनिसालाही हेवा वाटावा अशी ही व्यवस्था.

कस्टर जिल्ह्याचे मुख्य गाव ब्रोकन बो. तिथे गाडी पोचली १८८६ साली, म्हणजे हे छायाचित्र घेतले त्याच वर्षी. त्यापूर्वी खिडकीची काच, दाराची फळी, कंदिलाचे तेल, सगळे कित्येक मैलांवरून बैलगाडी-घोडागाडीने आणावे लागे. गाडी आली तशा चिरलेल्या फळ्याही आल्या, आणि हळूहळू लोक मातीची घरे सोडून लाकडी घरांत गेले. तेव्हा हे घर, असे म्हणा की, मोडीत निघायच्या बेतात असतानाच कॅमेऱ्यात सापडले.

'ब्रोकन बो' म्हणजे मोडके धनुष्य. तिथल्या मूळ रहिवाशांच्या जुन्या तळावर एक मोडके धनुष्य सापडले, त्यावरून हे नाव. नाव ठेवले, माणसे राहिली नाहीत. तो सगळा मुलूख पॉनी लोकांचा. त्यांचीही घरे मातीचीच, गोल आणि मोठी, आणि त्यांच्यात शेती बायकांच्या हातची: मका, घेवडा, भोपळा. १८५७ च्या तहाने त्यांची बहुतेक जमीन गेली आणि १८७४-७५ मध्ये उरलेल्यांना दूर दक्षिणेस, आजच्या ओक्लाहोमात, पाठवण्यात आले. फुकट वाटलेली जमीन कोणाची तरी होती. संग्रहालयात मी हे वाचले तेव्हा तसबिरीकडे पाहताना मन थोडे चमत्कारिक झाले, ते अजूनही होते. पण म्हणून मी ती भिंतीवरून काढली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

छायाचित्र काढणाऱ्याचे नाव सॉलोमन बुचर. हा गृहस्थ १८८० साली शेती करायला आला आणि दोनच आठवड्यांत कंटाळला. काही दिवस वैद्यकी शिकून पाहिली. व्यवहारात एकूण बेताचा. पण १८८६ साली त्याच्या डोक्यात आले की या जिल्ह्यातल्या घराघराचे चित्र काढून इतिहास लिहावा. घोडागाडीत कॅमेरा आणि काचा घालून तो वर्षानुवर्षे फिरला. कोणी पैसे देई, कोणी जेवण, कोणी रात्रीची जागा. १८९९ साली त्याचे घर जळाले आणि जमवलेला मजकूर व छापलेली चित्रे भस्म झाली, पण मूळ काचा धान्याच्या कोठारात ठेवलेल्या होत्या म्हणून वाचल्या. १९०१ साली पुस्तक निघाले. १९२७ साली वारला तेव्हा तो स्वतःला अपयशीच समजत होता. त्याच्या जवळजवळ तीन हजार काचा राज्याच्या इतिहास संस्थेकडे आहेत, आणि मातीच्या घरांचे दिवस कसे होते हे जगाला आज मुख्यत्वे त्यांवरूनच कळते. थोडी लबाडीही करी. टोळधाडीचा देखावा दाखवायचा तर टोळ कुठून आणणार? याने ते काचेवर हाताने काढले!

याच बुचरचे दुसरे एक छायाचित्र १८८७ सालचे आहे, आणि ते पाहिल्यावर मला माझी तसबीर नीट कळली. हिल्टन नावाचे कुटुंब. बुचर त्यांच्या दारी आला तेव्हा हिल्टनबाई आणि त्यांची थोरली मुलगी यांनी सांगितले की चित्र काढा, पण हे मातीचे घर त्यात येता कामा नये. पूर्वेकडच्या मैत्रिणींना चित्र पाठवायचे होते, आणि आपण अजून मातीत राहतो हे त्यांना कळायला नको होते. घरात एक चांगली बाजाची पेटी होती, पायांनी चालवायची, मोठी. ती बाहेर माळावर ओढून आणली आणि तिच्याभोवती सारे कुटुंब उभे राहिले. चित्रात गुरे आहेत, शेतीची अवजारे आहेत, गवतात ती नक्षीदार पेटी आहे. घर नाही.

मी हिल्टनबाईंना नावे ठेवीत नाही. पाहुणे यायचे म्हटले की पलंगाखाली आपण काय काय ढकलतो ते आपल्याला माहीत आहे. पेटी ओढून झाल्यावर ती पुन्हा आत नेली असेल, आणि संध्याकाळी त्याच गळक्या छपराखाली तिच्यावर काही वाजवलेही असेल.

पण या चार बहिणींनी घर लपवलेले नाही. का बरे? लाज त्यांनाही वाटू शकली असती. याचे उत्तर मी कोणत्या ग्रंथातून काढलेले नाही, माझ्यापुरते लावले आहे. चुकीचे असेल तर सोडून द्या.

१८६२ साली अमेरिकेत एक कायदा झाला. जो कोणी २१ वर्षांचा असेल त्याने १६० एकर सरकारी जमीन मागावी, तीवर घर बांधून पाच वर्षे राहावे, कसावी, आणि एकंदर १८ डॉलर फी भरून ती आपल्या नावावर करून घ्यावी. कुटुंबप्रमुख पुरुष तर आलेच. पण लग्न न झालेली मुलगी, विधवा, नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई, यांनाही तोच हक्क. ज्या काळी त्या देशात बहुतेक ठिकाणी बाईला मताचा अधिकार नव्हता, त्या काळची ही गोष्ट. फक्त नवऱ्याच्या घरी नांदणाऱ्या बाईला स्वतःच्या नावाने जमीन मागता येत नसे. तिथे कुटुंबप्रमुख तो! म्हणजे हिल्टनबाईंनी कितीही कष्ट केले तरी कागदावर त्यांचे नाव यायचे नव्हते. या मुलींचे येणार होते.

एलिझाबेथने आपला अर्ज १८८७ साली केला, छायाचित्राच्या पुढच्याच वर्षी. त्याच्या पुढल्या वर्षी दुसरीने. धाकट्या दोघी लहान. त्यांना वयात येईपर्यंत, १८९२ पर्यंत, थांबावे लागले. कायद्याची अट अशी की जिची जमीन तिने तिथे राहिले पाहिजे. एकट्या मुलीने त्या माळावर मातीच्या घरात रात्र काढायची म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. यांनी तोड काढली. आळीपाळीने एकमेकींच्या घरी राहायचे, म्हणजे अटही पाळली जाते आणि कोणी एकटीही पडत नाही. आपल्या मंडळात भिशीचा क्रम लावताना जेवढी भांडणे होतात तेवढी त्यांची झाली की नाही, ते मात्र कोणी लिहिलेले नाही.

त्या मुलखातली पुढची वर्षे सोपी नव्हती. १२ जानेवारी १८८८ रोजी सकाळी हवा उबदार म्हणून मुले साध्या कपड्यांनिशी शाळेत गेली आणि एकाएकी हिमवादळ आले. २०० हून अधिक माणसे दगावली, त्यांत घरी निघालेली मुले पुष्कळ. शेजारच्याच जिल्ह्यात मिनी फ्रीमन नावाच्या तरुण शिक्षिकेच्या मातीच्या शाळेचे छप्पर वाऱ्याने उडाले. तिने सगळ्या मुलांना बरोबर घेऊन त्या अंधारातून जवळचे घर गाठले. मग १८९० चा दुष्काळ, मग १८९४ चा. आणि दुष्काळ नव्हता तेव्हा भाव नव्हता. ज्या रेल्वेने माणसे आणली, तिचेच भाडे इतके की १८८९-९० च्या सुमारास मका बाजारात नेण्यापेक्षा आणि कोळसा विकत आणण्यापेक्षा मकाच चुलीत घालणे स्वस्त पडे. पिकवलेले धान्य जाळायचे! शेतकरी इतके चिडले की १८९२ साली ओमाहा शहरात त्यांचा पक्ष उभा राहिला आणि रेल्वे सरकारने ताब्यात घ्यावी अशी मागणी त्याने केली. कितीतरी कुटुंबे गाडीत सामान भरून आल्या वाटेने परत गेली. जमीन नावावर झाली म्हणजे सुख झाले, असे सांगायला मी उभी नाही.

तरीही नाव ते नाव. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वारसा मिळाला. महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. १९८६ साली, म्हणजे या तसबिरीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. हजारो बायका आल्या होत्या. पुढे त्याच संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत पुष्कळ शेतकऱ्यांनी आपल्या बायकांच्या नावे जमीन करून दिली. हे सगळे मला तारीखवार पाठ आहे, आणि तरी १९९८ साली वडील गेल्यावर आम्ही तिघी बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या.

कोणी जबरदस्ती केली नाही, हे मुद्दाम सांगते. भाऊ प्रेमळ आहे. त्याने तिघींना साड्या नेसवल्या, वहिनीने पुरणाचा स्वयंपाक केला. सही कुठे करायची ते कचेरीतल्या कारकुनाने पेन्सिलीने फुली करून दाखवले. मी शिकलेली, पण कागद वाचला नाही. वाचला असता तर भावावर अविश्वास दाखवला असे झाले असते. सातबाऱ्यावर आईचे नाव लागले ते वारस म्हणून, वडिलांच्या मागे. जन्मभर ज्या शेतात तिने निंदणी-खुरपणी केली त्याच्या कागदावर ती बहात्तराव्या वर्षी प्रथम आली. मला पश्चात्ताप होतो का? रोज होत नाही. तसबीर पुसताना होतो.

माहेरचे ते धाब्याचे घर पाडून आता तिथे स्लॅबचे झाले आहे. जुन्या घराचे छायाचित्र मी भावाकडे मागितले. नाही म्हणाला, कोणी काढलेच नाही. माझ्याजवळ एकच आहे, माझ्या लग्नातले. त्या दिवशी तालुक्याहून फोटोग्राफर आला होता. ओसरीवर आम्हाला उभे केले आणि पाठीमागे भिंत दिसायला नको म्हणून त्याने आणलेला पडदा बांधला. पडद्यावर कारंजे, संगमरवरी कठडा आणि दोन मोर. तो बांधायला हवा, असा आग्रह आईचाच होता. सासरची माणसे काय म्हणतील!

पडदा एका बाजूने थोडा आखूड पडला. डाव्या कोपऱ्यात, माझ्या धाकट्या बहिणीच्या पायाशी, वीतभर भिंत उघडी राहिली आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी आईने ती स्वतः सारवली होती. भिंग धरले तर तिच्या बोटांचे अर्धगोल ओळीने उमटलेले दिसतात.

तेही छायाचित्र आज बरोबर आणले आहे. चहाच्या टेबलाशेजारी, क्रिस्मन भगिनींच्या तसबिरीला टेकवून ठेवते. भिंग माझ्या पिशवीत आहे, मागून घ्या. चहाचे हात मात्र पुसून या, त्याची दुसरी प्रत नाही.